केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स, ट्रकने आणि तंबूत राहून: वीस दिवसांच्या कॅम्पिंग टूरची तयारी अगदी पहिल्यापासून

ऑगस्टमध्ये मी आणि माझी मावशी (वय वर्षं ५८, गुडघे बरे, पाठ जरा नाजूक) केपटाउनहून निघालो आणि नामिबिया, बोट्सवाना करत झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सला पोचलो. वीस दिवस, पाच हजार किलोमीटरच्या वर प्रवास आणि त्यातल्या बहुतेक रात्री तंबूत. परत आल्यापासून ओळखीतले लोक फोन करून तेच तेच विचारतायत, झेपतं का, व्हेज मिळतं का, एकटी बाई जाऊ शकते का, सिंह तंबूत येतो का, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी हे समजून घ्या की ही आपल्याकडच्या टूर कंपन्यांसारखी ट्रिप नाही, इथे बॅग कोणी उचलत नाही आणि सकाळी चहा घेऊन कोणी दारात येत नाही. ओव्हरलँड ट्रक म्हणजे वरती वीस-पंचवीस सीट, मोठ्या खिडक्या, प्रत्येकाला एक लॉकर, आणि खाली ट्रकच्या पोटात सगळा संसार, तंबू, गाद्या, फोल्डिंगच्या खुर्च्या, गॅस, पाण्याची टाकी, पातेली. बाजूचं एक मोठं झाकण खाली पाडलं की तोच ओटा. सोबत एक गाइड, एक ड्रायव्हर, कधी वेगळा कुक. तंबू आपण लावायचा आपण काढायचा, भाज्या चिरायला बसायचं, भांडी घासायची. ज्यांनी राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम केलाय त्यांना ही पद्धत लगेच कळेल, फक्त तिथे दोन दिवस असतं आणि इथे वीस. माझं ठाम मत असं झालंय की या ट्रिपची मजा किती येणार हे वाळवंट किंवा हत्ती ठरवत नाहीत, अंधारात दहा मिनिटांत तंबू लावता येतो का आणि आपला टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे हे माहिती असतं का, यावर ते ठरतं. ज्यांना हे जमत नव्हतं ते सगळा वेळ सामान शोधण्यात होते आणि सूर्यास्त आम्ही बघत होतो.

कधी जायचं

पाऊस तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे आपल्या उलट. जून ते ऑगस्ट त्यांचा हिवाळा, कोरडा, आकाश स्वच्छ, गवत वाळलेलं आणि प्राणी पाणवठ्यावर येतातच कारण दुसरीकडे पाणी नसतं. रात्री मात्र कडाक्याची थंडी, नामिबियाच्या वाळवंटात पारा शून्याच्या आसपास जातो, हे लोकांना खरंच वाटत नाही कारण आफ्रिका म्हणजे गरम हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सप्टेंबरच्या शेवटापासून ऊन चढतं आणि ऑक्टोबरात बोट्सवानातल्या चोबे नदीच्या आणि ओकावांगो डेल्टाच्या (नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या) भागात चाळिशीच्या आसपास जातं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर दोनदा विचार करा, त्या वेळी व्हिक्टोरिया फॉल्सलाही पाणी सगळ्यात कमी असतं, पलीकडच्या झांबियाच्या बाजूला तर बराचसा कडा कोरडा दिसतो. मुलांच्या मेच्या सुट्टीत कोणी जाणार असेल तर मे चांगला आहे, फॉल्सला भरपूर पाणी आणि थंडी सोसण्यासारखी, फक्त गवत उंच असल्यामुळे प्राणी शोधावे लागतात. मला विचाराल तर जुलै अखेर ते ऑगस्ट, थंडी सहन करून, कारण तेव्हा ओकावांगोमध्ये पाणी चढलेलं असतं. गंमत अशी की हा पूर कोरड्या दिवसांत येतो, पाऊस पडतो वरती अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ते पाणी सपाटीवरून हळूहळू सरकत डेल्टात पसरायला जून-जुलै उजाडतो.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

वेबसाइटवरचे फोटो बघून ठरवू नका, सरळ मेल टाका आणि लेखी उत्तर घ्या. पार्कच्या एंट्री फी धरल्या आहेत का, की तिथे वेगळ्या द्यायच्या. 'लोकल पेमेंट' आहे का, म्हणजे काही कंपन्या एक ठराविक रक्कम पहिल्या दिवशी रोख डॉलरमध्ये घेतात आणि ती जाहिरातीतल्या किंमतीत नसते. स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते का. ओकावांगोची मोकोरो (अरुंद होडी) ट्रिप धरलेली आहे का ऐच्छिक. नामिबियातल्या वाळूच्या टेकड्यांच्या पार्कचं गेट जिथे आहे त्या सेसरीममधला कॅम्प पार्कच्या आत आहे की बाहेर (याचं महत्त्व खाली सांगते). ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती जण. आणि एकट्या जाणाऱ्या बायकांसाठी, तंबू दुसऱ्या कुणाबरोबर शेअर करावा लागला तर ती बाईच असेल ना. आमच्या ट्रकवर एकट्या आलेल्या चार जणी होत्या, सगळ्या मजेत होत्या, आणि उलट जोडीने आलेल्यांचेच रुसवेफुगवे जास्त.

इन्शुरन्स घेताना इमर्जन्सी इव्हॅक्युएशन म्हणजे आणीबाणीत विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे हे नक्की बघा, मधल्या बऱ्याच ठिकाणांहून मोठं हॉस्पिटल शेकडो किलोमीटर लांब असतं. क्वाड बाइक, स्कायडायव्हिंग, राफ्टिंग यातलं काही करणार असाल तर तेही पॉलिसीत लिहिलेलं हवं.

व्हिसा, पासपोर्ट आणि यलो फीवर

इथे आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, कारण कंपन्यांनी पाठवलेली माहिती बहुतेक युरोपियन पासपोर्ट डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. "सीमेवर मिळेल" असं त्यात लिहिलंय म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही. साउथ आफ्रिकेचं काम भारतातून निघण्याआधीच पूर्ण झालेलं हवं. नामिबियाने एप्रिल २०२५ पासून बऱ्याच देशांसाठी नियम बदललेत, बोट्सवाना आणि झिम्बाब्वेचेही नियम बदलत राहतात, तेव्हा प्रत्येक देशाच्या अधिकृत साइटवर भारतीय पासपोर्टसमोर काय लिहिलंय ते बुकिंगच्या आठवड्यात एकदा आणि निघायच्या महिनाभर आधी परत एकदा स्वतः वाचा. व्हिसा ऑन अरायव्हल असला तरी तो प्रत्येक बॉर्डर पोस्टवर मिळत नाही, विमानतळावर मिळतो आणि जमिनीवरच्या छोट्या पोस्टवर नाही असं होतं, म्हणून आपला ट्रक ज्या पोस्टवरून जाणार (केपटाउनहून वर जाताना व्हियोल्सड्रिफ्ट-नोर्डूवर, नामिबियातून बोट्सवानात जाताना बाइटपोस-मामुनो, बोट्सवानातून झिम्बाब्वेत जाताना काझुंगुला) त्यांची नावं घेऊन विचारा.

आणखी एक. परतीचं विमान जोहान्सबर्गहून असेल आणि तिथे एक रात्र बाहेर राहायचं असेल तर तुम्ही साउथ आफ्रिकेत दुसऱ्यांदा शिरताय, म्हणजे मल्टिपल एंट्री हवी. आमच्या ओळखीच्या एका ट्रॅव्हल एजंटने सिंगल एंट्रीचाच फॉर्म भरला होता, मावशीने सही करताना वाचलं म्हणून वाचलो. कुठल्याही फॉर्मवर न वाचता सही करू नका एवढंच सांगते. पासपोर्टमध्ये निदान सहा-सात कोरी पानं ठेवा, प्रत्येक देश आत येताना एक आणि जाताना एक शिक्का मारतो.

यलो फीवर भारतात नाही, त्यामुळे मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्न फारसा येत नाही. पण स्वस्त तिकिटं बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात, आणि इथिओपिया, केनिया हे यलो फीवरचे देश. तिथला थांबा बारा तासांवर गेला तर साउथ आफ्रिका सर्टिफिकेट मागते, आणि परत येताना भारतातही असं कार्ड नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा नियम आहे. इंजेक्शन सरकारमान्य केंद्रातच घ्यायचं, दहा दिवसांनी ते लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, त्या वयात या लशीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

मलेरियाचं असं आहे की केपटाउन, दक्षिण नामिबिया इथे नाही, उत्तर नामिबिया, ओकावांगो, चोबे, व्हिक्टोरिया फॉल्स इथे आहे, पावसाळ्यात जास्त. गोळ्या कुठल्या ते डॉक्टर ठरवतील, पण त्या भागात शिरायच्या आधी चालू करायच्या आणि बाहेर पडल्यावरही चालू ठेवायच्या असतात, एका प्रकारच्या आठवडाभर आणि डॉक्सीसायक्लिन असेल तर चार आठवडे, आणि डॉक्सीवर असताना ऊन लवकर भाजतं. घरी पोचल्यावर गोळ्या विसरणारेच जास्त असतात.

बॅग भरताना

सूटकेस नको, कडक कवचाची तर अजिबात नको, लॉकरमध्ये बसत नाही. मऊ डफल बॅग किंवा सॅक, आणि सोबत एक छोटी डे-पॅक. कपडे थरांमध्ये, कारण पहाटे कुडकुडायला होतं आणि अकरा वाजता टी-शर्टवर याल. थर्मल, एक फ्लीस, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, मोजे जास्तीचे. रंग खाकी, मातकट असे, धुळीत पांढऱ्याचे हाल होतात. लष्करी छापाचे कपडे, टोप्या घेऊच नका, झिम्बाब्वेत साध्या नागरिकांनी ते घालायला बंदी आहे.

स्लीपिंग बॅगबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मी इथेच चुकले. बॅगेवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं 'कम्फर्ट' हेच आपलं, 'एक्स्ट्रीम' म्हणजे त्या थंडीत माणूस जेमतेम जिवंत राहील एवढंच. मी पाच डिग्री वाचून घेतली आणि ते निघालं एक्स्ट्रीम, दक्षिण नामिबियातल्या फिश रिव्हर कॅनियनजवळच्या रात्री सगळे कपडे अंगावर चढवूनही दात वाजत होते, शेवटी मावशीने तिची शाल दिली आणि म्हणाली, "अगं पाण्याची बाटली तरी गरम करून घे." तेच पुढे रोज केलं, झोपताना शेकोटीवरचं गरम पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरायचं, मोजा चढवायचा आणि पायाशी ठेवायचं, सकाळी तेच कोमट पाणी तोंड धुवायला. हिवाळ्यात जाणार असाल तर कम्फर्ट शून्य किंवा त्याखालची घ्या, नाहीतर नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला दुकानात ब्लँकेट घ्या, मी घेतलं.

हेडटॉर्च हवाच, हातातला टॉर्च नको, कारण दोन्ही हात लागतात. दुर्बीण दोघांत एक चालत नाही, भांडणं होतात. चप्पल आंघोळीला, एक पातळ पटकन वाळणारा पंचा (आपला सुती पंचा सगळ्यात भारी, मायक्रोफायबरला मागे टाकतो), दोरी आणि चिमटे, ओले वाइप्स, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी, डोळ्यांत धूळ जाते म्हणून ड्रॉप्स. सॅनिटरी पॅड किंवा कप पूर्ण ट्रिपचे इथूनच न्या, मध्ये दुकान चार-पाच दिवसांनी लागतं. चार्जिंगसाठी एक आनंदाची गोष्ट, साउथ आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना इथलं जुनं सॉकेट म्हणजे आपला गिझरचा जाड तीन पिनांचा प्लग, तोच बसतो, तेव्हा घरून जाड पिनेचं एक एक्स्टेंशन बोर्ड न्या, आमच्या बोर्डाभोवती रोज संध्याकाळी अर्धा ट्रक गोळा व्हायचा. झिम्बाब्वेत चौकोनी पिनांचं, इंग्लंडसारखं. ट्रकमध्ये चार्जिंग असतं पण गाडी चालू असेपर्यंतच, म्हणून पॉवर बँक.

तंबूचा सराव घरीच करा

बहुतेक ट्रकवरचे तंबू जाड कॅनव्हासचे, दोन माणसांचे, वजनदार. बाहेरून लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करायचा आणि तंबू त्याला हुकांनी अडकवायचा. पहिल्या रात्री गाइड एकदा दाखवतो, दुसऱ्या दिवसापासून तुमचं तुम्ही. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात कुणाचा तरी तंबू आणून दोनदा लावून बघा, कुठलाही चालेल, हाताला सवय हवी. तोंड वाऱ्याकडे करायचं नाही. लावल्यावर लगेच आत बॅगा टाकायच्या, सेसरीमला दुपारनंतर वारा सुटतो आणि रिकामा तंबू गडगडत जातो, आमच्या शेजाऱ्यांचा गेला, कुंपणापर्यंत धावले बिचारे. चेन कायम बंद, अगदी दोन मिनिटं बाहेर पडलात तरी, विंचू आणि साप उबेला येतात. बूट बाहेर ठेवू नका, कोल्हे उचलून नेतात, आणि सकाळी घालण्याआधी उलटे करून झटका. खाण्याची एकही वस्तू तंबूत नको, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही, सुगंधी टूथपेस्टसुद्धा शक्यतो ट्रकमध्ये.

आणि हो, सिंह. कुंपण नसलेल्या कॅम्पवर रात्री आवाज येतात, तरसांचे, हत्तींचे, पाणघोड्यांचे, एकदा लांबून सिंहाचाही आला. बंद तंबू प्राण्यांना दगडासारखा एक आकार वाटतो, असं आमच्या गाइडने समजावलं. रात्री उठावं लागलं तर आधी आतूनच टॉर्च मारून चारी बाजूंना डोळे चमकतायत का बघायचं, मग बाहेर. झोपायच्या तासभर आधी पाणी कमी करा, हा सगळ्यात उपयोगाचा सल्ला.

ट्रकवरचा दिवस

पहाटे पाच-साडेपाचला उठणं, अंधारातच तंबू काढणं, नाश्ता, सातच्या आत गाडी चालू. दुपारचं जेवण रस्त्याच्या कडेला झाडाखाली. कामांच्या पाळ्या असतात, आज तुम्ही भाज्या चिरणार, उद्या भांडी, परवा ट्रक झाडणं, मग सामान चढवणं. भांडी घासायची पद्धत ठरलेली, तीन टब, पहिल्यात साबण, दुसऱ्यात जंतुनाशक, तिसऱ्यात साधं पाणी, आणि मग पुसायचं नाही, फडकं वापरायचंच नाही. दोन्ही हातांत ताटल्या धरून वाऱ्यावर हलवत उभं राहायचं, वाळेपर्यंत, याला तिथे 'फ्लॅपिंग' म्हणतात. पहिल्या दिवशी पंधरा-वीस माणसं वाळवंटात हात हलवताना बघून मावशी हसायलाच लागली, पण ओल्या फडक्यातून एकाचं पोट बिघडलं की चार दिवसांत सगळ्या ट्रकचं बिघडतं, म्हणून ही रीत, आणि आमच्या ट्रकवर वीस दिवसांत एकही जण आजारी पडला नाही.

सीट रोज बदलायच्या हा शिष्टाचार पाळा. मागच्या सीटवर धक्के आणि धूळ जास्त, पाठदुखी असेल तर पहिल्याच दिवशी गाइडला सांगून ठेवा, पुढची जागा देतात. नामिबियात बहुतेक रस्ते खडीचे, पत्र्याच्या छपरासारख्या लाटा पडलेल्या, सहा-सहा तास खडखड, मावशीने कमरेला पट्टा लावला आणि फुगवायची उशी पाठीमागे, त्यावर निभावलं. उन्हाचा हिशोब सांगते, केपटाउनहून उत्तरेकडे जाताना सकाळचं ऊन उजवीकडे आणि दुपारनंतर डावीकडे येतं, पण विंडहुकहून पूर्वेला बोट्सवानाकडे वळलात की हिवाळ्यात दिवसभर ऊन डावीकडेच, कारण तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो. त्या दोन दिवसांत उजवीकडची खिडकी पकडा.

रस्त्यात टॉयलेट नसतं. गाडी थांबते, बायका एका बाजूच्या झुडपांमागे, पुरुष दुसऱ्या. कागद, वाइप्स तिथे टाकायचे नाहीत, झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे. एक-दोन दिवसांत लाज जाते.

व्हेज जेवणाचं काय

मिळतं, पण आधी सांगावं लागतं, आणि "व्हेजिटेरियन" एवढं पुरत नाही, कारण काही ठिकाणी मासे आणि चिकन म्हणजे मांस नव्हेच असं धरतात. मेलमध्ये स्पष्ट लिहा, मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही. संध्याकाळी बऱ्याचदा ब्राय असतो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस आणि सॉसेज, त्याच निखाऱ्यावर आमच्यासाठी मक्याची कणसं, मशरूम, बटाटे फॉइलमध्ये. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात मंद शिजवलेलं पोइकी भाज्यांचंही करतात, भोपळा, गाजर, घेवडा, आणि ते खरोखर चांगलं लागतं. पॅप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, झिम्बाब्वेत तिलाच साड्झा म्हणतात, आणि सोबत चाकालाका, टोमॅटो, गाजर, बीन्स, मिरचीचं तिखटसर कालवण, ते डब्यातही मिळतं. पॅप-चाकालाका खाल्लं की घरचं खाल्ल्याचं समाधान मिळतं, मी तर सुपरमार्केटमधून चार डबे घेऊन ठेवले होते.

घरून लसणाची चटणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चहाचा मसाला न्या, थोडं थोडं, पॅकबंद आणि नावाचं लेबल असलेलं. बॉर्डरवर विचारलं तर सांगून टाका. फळं, दुधाचे पदार्थ, मांस यावर मात्र कडक तपासणी असते, मांस-दुधाच्या बाबतीत कारण गुरांचा लाळ-खुरकूत रोग. नामिबियात आणि बोट्सवानात देशभर आडवी-उभी कुंपणं घातलीत, त्या फाटकांवर गाडी थांबवतात, फ्रीज उघडून बघतात आणि तुम्हाला खाली उतरवून औषधाच्या ओल्या चटईवर बूट घासायला लावतात, कधी बॅगेतले जास्तीचे बूटसुद्धा काढायला सांगतात. तेव्हा ते वरतीच ठेवा.

पैसे

नामिबियन डॉलर आणि साउथ आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक, आणि नामिबियात रँड सगळीकडे चालतो, पण नामिबियन डॉलर बाहेर कुठेच घेत नाहीत, म्हणून रँडच ठेवा आणि नामिबियाच्या नोटा संपवूनच बाहेर पडा. बोट्सवानाचा पुला, या शब्दाचा अर्थच पाऊस, त्या वाळवंटी देशात पैशालाही पाऊस म्हणावं हे मला फार आवडलं. झिम्बाब्वेत अमेरिकन डॉलर रोख, आणि लहान नोटा, एक, पाच, दहाच्या, कारण सुटे मिळत नाहीत. फाटकी, लिहिलेली, जुनी नोट घेत नाहीत. क्रूसाठी टीप शेवटी ग्रुपने मिळून देतात, ती रक्कम पहिल्याच दिवशी पाकिटात वेगळी काढून ठेवा.

आता वाटेतली ठिकाणं, फक्त जिथे माहिती असण्याने फरक पडतो तेवढीच

सेसरीम आणि सोसुसव्लेई. पार्कचं मुख्य गेट सूर्योदयाला उघडतं, पण आतल्या कॅम्पवर राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात, म्हणून मी बुकिंगच्या वेळी विचारा म्हटलं. ड्यून ४५ ही वाळूची टेकडी, गेटपासून ४५ किलोमीटरवर म्हणून हे नाव, तिच्यावर सूर्योदयाआधी चढायचं. दोन पावलं वर एक पाऊल खाली असं चालतं, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाका, निम्मा दम वाचतो. वाळू पहाटे बर्फासारखी गार असते, मोजे घालून चढा. ऑगस्टात त्या वेळी पूर्वेला मृग नक्षत्र असतं आणि ते आपल्या घरून दिसतं त्याच्या उलटं, मावशीने मला हलवून दाखवलं. संध्याकाळी वृश्चिक अगदी डोक्यावर आणि दक्षिणेला त्रिशंकू.

तिथून पुढे डेडव्लेई, शेवटचे पाच किलोमीटर वाळूतून चार चाकांना ताकद असलेल्या गाडीने आणि मग किलोमीटरभर पायी. पांढऱ्या मातीचं कोरडं तळं, त्यात काळी पडलेली झाडं, साधारण नऊशे वर्षांपूर्वीची, नदीची वाट वाळूच्या टेकड्यांनी अडवली, झाडं मेली आणि हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. झाडांना टेकू नका, हात लावू नका. दोन लिटर पाणी माणशी, आणि दहाच्या आत परत फिरा.

एतोशा, उत्तर नामिबियातलं नॅशनल पार्क. ओकाउकुएओ कॅम्पला लागून एक पाणवठा आहे, त्यावर रात्रभर मंद पिवळा दिवा असतो आणि मधे दगडी भिंत. जेवण झालं की लोक तंबूत जातात, तुम्ही जाऊ नका. ब्लँकेट आणि थर्मास घेऊन भिंतीपाशी बसा. आम्ही साडेनऊपर्यंत बसलो तेव्हा फक्त दोन जिराफ आले होते, पाणी प्यायला पाय फाकवून वाकायला त्यांना किती वेळ लागतो, दर वेळी दचकून परत उभे. दहा वाजता अंधारातून एक काळा गेंडा आला, मागे पिल्लू. त्याच्या पावलांचा आवाजच आला नाही, पाणी ओढून घेतल्याचा आवाज मात्र इतका स्पष्ट की आमच्या शेजारी बसून कोणी चहा ओरपतंय असं वाटावं. पिल्लाचे कान सारखे हलत होते. तासभर कोणी एक शब्द बोललं नाही. मोबाइलचा फ्लॅश बंद करून ठेवा, एकाचा उडाला आणि ते पिल्लू बिथरलं, मला अजून राग येतो.

ओकावांगो. डेल्टाच्या काठच्या माउन गावात मोठी बॅग ट्रकमध्ये सोडून दोन रात्रींची छोटी बॅग घ्यायची. मोकोरो म्हणजे अरुंद चपटी होडी, पूर्वी एका झाडाच्या खोडातून कोरायचे, आता झाडं वाचावी म्हणून बऱ्याच फायबरच्या, पुढे दोघं बसायचं आणि मागे उभा राहून पोलर लांब काठीने ढकलतो. पाण्याला लागून बसता, तेव्हा फोन वॉटरप्रूफ पिशवीत, टोपी दोरीने बांधलेली आणि बसायला घडी केलेली गादी, पाठीचा प्रश्न तिथेच सुटतो. कॅम्प बेटावर, काहीच सोय नाही, टॉयलेट म्हणजे खड्डा, आणि वाटेवर रोवलेलं फावडं, फावडं जागेवर असेल तर मोकळं आहे, नसेल तर कोणीतरी आत आहे. पायी फिरायला नेतात तेव्हा एका रांगेत, न बोलता, आणि काहीही समोर आलं तरी पळायचं नाही, गाइड सांगेल तसं. पोलरांना भेटल्याबरोबर पुरुषाला "दुमेला रा", बाईला "दुमेला मा" म्हणा, नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलणं तिकडे उद्धट वाटतं, आणि एवढ्या एका शब्दाने चेहरे खुलतात.

चोबेला दुपारची बोट घ्या, सकाळची नको, हत्ती दुपारी पाण्यावर येतात, जगात सगळ्यात जास्त हत्ती बोट्सवानात आहेत हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी ओलांडताना पिल्लाला दोन मोठ्या हत्तिणी मधे घेतात, नदीच्या ज्या अंगाला कळप असेल तिथे बसायला मिळावं म्हणून बोटीवर आधी चढा.

चोबेकाठच्या कासाने गावाहून व्हिक्टोरिया फॉल्स जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण काझुंगुलाच्या रांगेत वेळ जातो. धबधबा १७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच, तिथलं नाव मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर, आणि गावात शिरायच्या आधीच तो धूर दिसतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, अंगात रेनकोट, बदलायला कोरडे कपडे. झिम्बाब्वेच्या बाजूने जास्त भाग समोरून दिसतो, वेळ थोडा असेल तर तीच बाजू.

शेवटच्या सकाळी तंबू घाईत गुंडाळू नका. उन्हात पूर्ण वाळू द्या, आतली वाळू झटका, खुंट्या मोजून पिशवीत भरा आणि कुठे शिवण उसवली असेल, चेन अडकत असेल तर गाइडला सांगा. बऱ्याचदा तोच ट्रक एक-दोन दिवसांत नवीन ग्रुप घेऊन उलट्या दिशेने केपटाउनला निघतो. आमचा तंबू ७ नंबरचा, त्याची एक खुंटी आम्ही नामिबियातल्या स्पिट्सकोपेच्या खडकात वाकवली होती, मावशीने ती दगडाने ठोकून सरळ केली आणि मगच पिशवीची दोरी ओढली.